ब्रॉयलरच्या खाद्यातले जीवनसत्त्व ई आणि मांसाचा खवटपणा : मात्रा ठरवण्यापासून खात्री करून घेण्यापर्यंत

शिजवलेले चिकन झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी गरम करून झाकण उघडा. पहिल्या वाफेबरोबर येणारा वास आदल्या दिवशीचा नसतो. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा, तेलाच्या जुन्या डब्यासारखा काहीसा वास नाकाला लागतो. मांस नासलेले नसते, त्यात जंतूही फारसे वाढलेले नसतात. त्यातले स्निग्ध पदार्थ खवट झालेले असतात. मांडीच्या तुकड्याला हा वास आधी लागतो, छातीच्या तुकड्याला उशिरा.

हा वास लांबवायचा असेल तर त्याची तयारी पक्षी जिवंत असताना, त्याच्या खाद्यातूनच करावी लागते. ती कशी करायची, ते इथे पायरीपायरीने सांगतो. हिशोब ब्रॉयलरचा धरला आहे. टर्कीचा फरक जिथे मोठा आहे तिथे तो सांगितला आहे.

खवटपणाची ठिणगी कुठे पडते

कातडीखालची पिवळी चरबी डोळ्यांना दिसते, म्हणून दोष तिच्यावर येतो. पण कातडी सोलून, चरबी काढून ठेवलेले मांसही खवट होते. कारण स्नायूच्या प्रत्येक पेशीभोवती आणि पेशीच्या आतही अतिशय पातळ पटले असतात आणि ती फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध पदार्थांची बनलेली असतात. या फॉस्फोलिपिडमध्ये बहुअसंपृक्त मेदाम्ले भरपूर असतात. मेदाम्लाच्या साखळीत दुहेरी बंध जितके जास्त, तितका त्यातला हायड्रोजन सैल. तो निसटला की मागे मुक्त मूलक उरते. ते ऑक्सिजन पकडते आणि शेजारच्या मेदाम्लाचा हायड्रोजन ओढून घेते. मग शेजारचे मेदाम्ल तेच करते. अशी साखळी धावत सुटते. वाटेत तयार झालेली हायड्रोपेरॉक्साइड फुटून त्यांतून हेक्झॅनाल, मॅलॉनडायअल्डिहाइड असे लहान रेणू निघतात. नाकाला जो वास लागतो तो यांतल्या उडून जाणाऱ्या रेणूंचा.

लोह ही साखळी आणखी पळवते. मांडीच्या स्नायूत मायोग्लोबिन जास्त, म्हणजे लोह जास्त, आणि स्निग्धांशही जास्त. म्हणून मांडी आधी बिघडते.

जीवनसत्त्व ई चे खरे काम करणारे रूप म्हणजे अल्फा-टोकोफेरॉल. ते पटलातच, मेदाम्लांच्या गर्दीत रुतून बसलेले असते. धावती साखळी त्याच्यापर्यंत आली की ते स्वतःचा हायड्रोजन देऊन टाकते आणि साखळी तिथेच तुटते. इथे जागेला फार महत्त्व आहे. खिमा करताना वरून टाकलेले जीवनसत्त्व ई सुट्या चरबीत मिसळते. पटलातल्या त्या नेमक्या जागी जाऊन बसत नाही. पक्ष्याचे शरीर हे जीवनसत्त्व स्वतः तयार करत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? खाद्यात नसेल तर मांसात येत नाही.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा, कारण मात्रेबाबतचा गोंधळ त्यातूनच आला आहे. १९२२ मध्ये इव्हान्स आणि बिशप यांना उंदरांवर काम करताना हा घटक सापडला; तो नसेल तर गर्भ टिकत नसे. टोकोफेरॉल या ग्रीक धाटणीच्या नावाचा अर्थही अपत्यजन्माशीच जोडलेला आहे. पुढे पिल्लांमधले आजार समजले : मान मागे वळवून, पाय झाडत पडणारी पिल्ले, कातडीखाली साचणारे हिरवट निळसर पाणी, स्नायूंवर उमटणाऱ्या पांढऱ्या रेषा. मात्रेच्या शिफारशी या आजारांना समोर ठेवून ठरल्या. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने १९९४ च्या तक्त्यात ब्रॉयलरला किलो खाद्यामागे १० आययू (जीवनसत्त्व मोजायचे आंतरराष्ट्रीय एकक) एवढीच गरज दिली. हा आकडा पक्षी कमतरतेने आजारी पडू नये यासाठी आहे. कत्तलीनंतर मांस किती दिवस टिकेल, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नाही. म्हणून एका ठिकाणी १० आणि दुसऱ्या ठिकाणी २०० असे आकडे दिसले तर चक्रावू नका. दोन्ही बरोबर आहेत. उद्देश वेगळे आहेत.

पहिली पायरी : मांस पुढे कुठे जाणार, ते आधी विचारा

बहुतेक जण खाद्यापासून सुरुवात करतात. मी उलटे सांगेन. आधी कागदावर लिहा की या बॅचचे मांस कत्तलीनंतर कोणत्या रूपात, किती दिवसांनी खाल्ले जाणार आहे. जादा जीवनसत्त्व ई घालायचे की नाही, याचा निर्णय जवळजवळ पूर्णपणे या एका ओळीवर ठरतो.

पक्षी कापला, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ताजा विकला आणि शिजवून संपला, असा व्यवहार असेल तर मांसासाठी म्हणून वेगळे जीवनसत्त्व ई घालण्याची गरज नाही. खवटपणाला वेळच मिळत नाही. अशा वेळी पक्ष्याच्या तब्येतीपुरते ५० ते ८० आययू पुरे.

तुकडे करून, ट्रेमध्ये भरून चार-सहा दिवस थंड ठेवायचे असेल तर फायदा सुरू होतो, पण तो मध्यम असतो. इथे मांस बहुधा जंतूंमुळे आधी बिघडते आणि जंतूंना जीवनसत्त्व ई रोखत नाही.

खरा फरक दिसतो तो पुढच्या मांसात. गोठवून महिनोन्‌महिने ठेवायचे मांस : उणे १८ अंशांवर जंतूंची वाढ थांबते, पण ऑक्सिडीकरण थांबत नाही, फक्त मंदावते, त्यामुळे गोठवलेल्या मांसाची टिकण्याची मुदत खवटपणाच ठरवतो. खिमा, सॉसेज, नगेट्स : दळताना पेशी फुटतात, लोह मोकळे होते, हवा मिसळते आणि वर मीठ पडते, मीठही खवटपणाला हातभार लावते. यंत्राने हाडांवरून काढलेले मांस : त्यात हाडांच्या मज्जेतले लोहही उतरते, म्हणून हे सगळ्यांत नाजूक. आणि आधी शिजवून थंड ठेवलेले, नुसते गरम करून खायचे पदार्थ : शिजवताना लोह सुटते आणि एक-दोन दिवसांतच तो पुठ्ठ्याचा वास येतो.

यात आणखी एक भर घाला. जवस किंवा माशाचे तेल खाऊ घालून ओमेगा-३ वाढवलेले चिकन विकायचे असेल तर मांस ताजे विकले तरी जादा जीवनसत्त्व ई लागतेच. कोंबडीच्या पोटात गेलेले मेदाम्ल फारसे न बदलता मांसात उतरते. खाद्यात दुहेरी बंध वाढवले की ते मांसातही वाढतात.

याच पायरीवर आणखी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या : कशाची आशा धरायची नाही. मांसातून गळणारे पाणी कमी होते का? काही चाचण्यांत थोडे कमी झालेले दिसते, काहींत अजिबात नाही. उन्हाळ्यात ताणलेल्या पक्ष्यांत थोडा उपयोग होण्याची शक्यता जास्त, पण त्यावर धंद्याचा हिशोब बांधू नका. रंग टिकतो का? गोमांसात हा परिणाम ठळक दिसतो. कोंबडीची छाती मुळातच फिकी असते, तिथे फारसा फरक जाणवत नाही. छातीचा स्नायू लाकडासारखा कडक होणे किंवा त्यावर पांढरे पट्टे येणे यावर जीवनसत्त्व ई हा इलाज नाही; तो दोष वेगाने वाढणाऱ्या स्नायूचा आहे. वजन आणि एफसीआर (एक किलो वजन वाढायला लागणारे खाद्य) यांतही कमतरता नसलेल्या कळपात फरक पडेलच असे नाही. जे विकत घेत आहात ते एकच : खवटपणा लांबवणे. तेवढ्यासाठी ते उत्तम आहे.

दुसरी पायरी : आज खाद्यात किती जाते ते काढा

प्रीमिक्सच्या, म्हणजे खाद्यात घालायच्या जीवनसत्त्वांच्या तयार मिश्रणाच्या, पोत्यावरचे लेबल हातात घ्या. त्यावर प्रतिकिलो प्रीमिक्स किती आययू आहे ते असते. एक टन खाद्याला प्रीमिक्स किती किलो घालता त्याने गुणा आणि १,००० ने भागा. उदाहरणार्थ, किलोमागे १,००,००० आययू असलेले प्रीमिक्स टनाला ५०० ग्रॅम घातले तर टनात ५०,००० आययू, म्हणजे किलोमागे ५०.

मका आणि सोयापेंडीत नैसर्गिक जीवनसत्त्व ई असते, हे खरे. पण मक्यात प्रामुख्याने गॅमा-टोकोफेरॉल असते. पक्ष्याचे यकृत अल्फा रूप निवडून पुढे पाठवते आणि बाकीची रूपे बरीचशी बाहेर टाकते. शिवाय साठवणीत, विशेषतः दाणा भरडल्यावर, हे नैसर्गिक जीवनसत्त्व घटत जाते. म्हणून मांसाच्या हिशोबात मी धान्यातले जीवनसत्त्व शून्य धरतो. चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूला होते.

तिसरी पायरी : मात्रा आणि मुदत

गोठवलेल्या, दळलेल्या किंवा आधी शिजवलेल्या मांसासाठी एकूण २०० आययू प्रतिकिलो खाद्य, कत्तलीपूर्वी किमान चार आठवडे. ब्रॉयलरमध्ये ही मात्रा वारंवार उपयोगी ठरलेली आहे. तुकडे करून काही दिवस थंड ठेवायच्या मांसाला १०० च्या आसपास चालते. २०० च्या पुढे नेले तर मांसात थोडे आणखी साठते, पण प्रत्येक वाढीव ग्रॅमामागे मिळणारा फायदा कमी कमी होत जातो.

टर्कीचे गणित वेगळे आहे. तेवढ्याच खाद्यातून तिच्या स्नायूत अल्फा-टोकोफेरॉल बरेच कमी साठते. कोंबडीची मात्रा टर्कीला जशीच्या तशी लावली तर पदरी निराशा येते. तिला ३०० ते ४०० आणि मुदतही लांब लागते.

चार आठवडे का? रक्तात आणि यकृतात पातळी काही दिवसांत वर जाते. स्नायू मात्र सावकाश भरतो. शेवटच्या आठवड्यात पाण्यातून तीन-चार दिवस जीवनसत्त्व ई आणि सेलेनियमचे द्रावण दिले की काम झाले, असे समजणारे बरेच जण भेटतात. रक्त तपासले तर आकडा सुंदर येईल. मांडीच्या स्नायूत पुरेसे पोचलेले नसेल. ती औषधे ताणाच्या दिवसांत पक्ष्याला आधार देण्यासाठी ठीक आहेत, मांस टिकवण्यासाठी नाहीत.

आता एक हिशोब, जो फारसा कुणी मांडत नाही. जलद वाढणारा ब्रॉयलर ४२ दिवसांत साधारण ५ किलो खाद्य खातो. त्यातले पहिल्या १४ दिवसांत तो जेमतेम ६०० ग्रॅम खातो. म्हणजे शेवटच्या चार आठवड्यांतच ४.४ किलोच्या आसपास खाद्य जाते. खर्च वाचवायला फक्त शेवटचे चार आठवडे जादा मात्रा द्यायची असे ठरवले तर बचत होते ती आठव्या हिश्श्याइतकी. एवढ्यासाठी स्टार्टर (सुरुवातीचे खाद्य) आणि फिनिशर (शेवटचे खाद्य) यांची वेगवेगळी पाकिटे सांभाळणे, पोत्यांची अदलाबदल होण्याची भीती बाळगणे परवडते का, हे तुमच्या सोयीवर आहे. लहान मिल असेल तर मी सरळ पहिल्या दिवसापासून एकच मात्रा ठेवा म्हणेन. पक्षी ३५ दिवसांत काढणार असाल तर प्रश्नच मिटला. चार आठवडे म्हणजे सातव्या दिवसापासून.

दुसरी बचत मात्र खरोखर घातक आहे. शेवटच्या आठवड्यात, पक्षी आता जाणारच आहेत म्हणून, फिनिशरमधून जीवनसत्त्वांचे प्रीमिक्स काढून टाकायचे किंवा अर्धे करायचे. वजनात काही दिसत नाही, म्हणून ही सवय टिकून राहते. पण जीवनसत्त्व ई बंद झाले की रक्त आणि यकृत भराभर रिकामे होतात आणि त्यामागोमाग स्नायूतला साठाही उतरू लागतो. तीन आठवडे पैसे घालून भरलेले भांडे चौथ्या आठवड्यात उपडे केल्यासारखे होते.

तेल जास्त असलेल्या खाद्याला वेगळी भर लागते. खाद्य बनवणाऱ्यांत एक सोपा आडाखा वापरला जातो : स्निग्धांश ३ टक्क्यांच्या वर गेला की पुढच्या प्रत्येक टक्क्यामागे किलो खाद्याला ५ मि.ग्रॅ. जीवनसत्त्व ई वाढवायचे. तब्येतीपुरत्या मात्रेला हा आडाखा लावा. २०० ची मात्रा आधीच असेल आणि तेल नेहमीचे सोयातेल असेल तर वेगळी भर घालायची गरज नाही. माशाच्या तेलाबाबत मात्र सावध राहा : ते जास्त झाले तर मांसाला माशाचा वास येतो आणि जीवनसत्त्व ई वाढवून तो पूर्ण झाकता येत नाही. तिथे तेलच कमी करावे लागते.

चौथी पायरी : पावडर निवडा आणि वजन काढा

खाद्यात जे घालतो ते बहुधा कृत्रिम डीएल-अल्फा-टोकोफेरिल ॲसिटेट असते. यात टोकोफेरॉलचा काम करणारा भाग ॲसिटेटने झाकलेला असतो. म्हणूनच ते मिक्सरमध्ये, पेलेट (खाद्याच्या दाबून केलेल्या गोळ्या) बनवतानाच्या उष्णतेत आणि पोत्यात टिकते. पण त्याच कारणाने ते पोत्यातल्या तेलाला खवट होण्यापासून वाचवत नाही. पक्ष्याच्या आतड्यात विकरे ते झाकण काढतात आणि मग मोकळे टोकोफेरॉल स्निग्धांशाबरोबर शोषले जाते. खाद्यातले तेल वाचवायला बीएचटीसारखे वेगळे ऑक्सिडीकरणरोधक लागते. ही दोन कामे वेगळी आहेत. एकाच्या जागी दुसरे चालत नाही.

एककांचा घोळ इथे मिटवून टाका. कृत्रिम ॲसिटेटचे १ मि.ग्रॅ. म्हणजे १ आययू. नैसर्गिक डी-अल्फा-टोकोफेरिल ॲसिटेटचे १ मि.ग्रॅ. म्हणजे १.३६ आययू. म्हणून दोन मालांची तुलना ग्रॅमवर करू नका, आययूवर करा.

प्रचलित पावडर ५० टक्क्यांची असते. म्हणजे १ ग्रॅममध्ये ५०० आययू. आता आपले उदाहरण पुढे नेऊ. हवे आहेत २००, प्रीमिक्समधून येतात ५०, कमी पडतात १५०.

१५० गुणिले १,००० किलो म्हणजे टनाला १,५०,००० आययू. भागिले ५००, म्हणजे ३०० ग्रॅम पावडर.

एफसीआर १.७ धरला तर एक किलो जिवंत वजनामागे ही जादा पावडर अर्धा ग्रॅम पडते आणि साफ केलेल्या मांसाच्या किलोमागे सुमारे ०.७ ग्रॅम. तुमच्याकडचा पावडरचा भाव या ०.७ ग्रॅमला लावा आणि समोर ठेवा : मालाची मुदत वाढल्याने परत येणारा किंवा कमी भावात काढावा लागणारा माल किती वाचतो. हा एकच भागाकार केला की जीवनसत्त्व ई महाग की स्वस्त, हा वाद उरत नाही.

पाचवी पायरी : मिसळणे आणि साठवणे

टनात ३०० ग्रॅम म्हणजे दहा हजार भागांत तीन भाग. ही पावडर पिशवीतून थेट मिक्सरमध्ये ओतली तर काही पक्ष्यांना ४०० मिळेल आणि काहींना ५०.

त्यासाठी ती टप्प्याटप्प्याने पातळ करा. ३०० ग्रॅम पावडर ३ किलो बारीक भरडलेल्या मक्यात हाताने नीट मिसळा, मग ते ३० किलो मक्यात किंवा सोयापेंडीत, आणि मग मिक्सरमध्ये. मिक्सर निम्मा भरल्यावर हे मिश्रण घाला, वर उरलेले धान्य. तेल सगळ्यांत शेवटी, कोरडे मिश्रण पूर्ण झाल्यावरच. आधी तेल पडले तर पावडर त्याच्या गोळ्यांत अडकते. उभ्या मिक्सरला आडव्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, घाई करू नका. मोजलेले भांडे रिकामे झाल्यावर त्यात मूठभर मका फिरवून तोही मिक्सरमध्ये टाका; बारीक पावडर भांड्याच्या कडांना चिकटून राहते.

मिक्सर नीट मिसळतो की नाही हे जीवनसत्त्वाची महागडी तपासणी न करताही कळते. एकाच लॉटमधून दहा ठिकाणचे नमुने घ्या आणि त्यांतल्या मिठाचे प्रमाण तपासून घ्या. दहा आकड्यांतला फरक सरासरीच्या १० टक्क्यांच्या आत राहिला तर मिक्सर ठीक. जास्त आला तर आधी वेळ वाढवून पाहा, मग पाती तपासा.

साठवणीतली एक चूक मी स्वतः केली आहे, म्हणून ती जरा तपशिलाने सांगतो. जागा वाचवायला जीवनसत्त्वांचे उघडे प्रीमिक्स, खनिज मिश्रण आणि कोलीन क्लोराइड एकत्र करून एकाच पिंपात भरून ठेवले, म्हणजे रोज एकच माप घेता येईल. पावसाळी हवेत महिन्याभराने पिंप उघडले तर वरचा थर दगडासारखा झालेला. फोडला तेव्हा आत तपकिरी ठिपके होते आणि माशासारखा उग्र वास आला. कोलीन हवेतले पाणी ओढते. त्या ओलाव्यात तांबे आणि लोहाचे क्षार जीवनसत्त्वांवर तुटून पडतात. ॲसिटेट रूपातले जीवनसत्त्व ई त्यातल्या त्यात तग धरते, पण जीवनसत्त्व अ, के आणि ब गटातली काही आधीच गेलेली असतात. ते पिंप टाकून द्यावे लागले. तेव्हापासून कोलीन वेगळ्या खोलीत आणि जीवनसत्त्वे खनिजांपासून दूर, झाकण घट्ट, जमिनीपासून वर, अंधारात. पिशवीवर उघडल्याची तारीख लिहायची.

सहावी पायरी : सोबतचे घटक

तेल आधी. खाद्यातले तेलच खवट असेल तर जीवनसत्त्व ई आतड्यातच खर्ची पडते आणि स्नायूपर्यंत पोचत नाही. तेलाचा प्रत्येक टँकर किंवा डबा आला की पेरॉक्साइड मूल्य (तेलात हायड्रोपेरॉक्साइड किती झाली ते दाखवणारा आकडा) तपासून घ्या. ताज्या तेलाचे ते ५ च्या आत असावे; १० च्या पुढचे मी घेत नाही. पण फक्त या आकड्यावर विसंबू नका. खूप जुन्या तेलात हायड्रोपेरॉक्साइड फुटून गेलेली असतात, त्यामुळे पेरॉक्साइड मूल्य पुन्हा खाली येते आणि तेल चांगले भासते. अशा तेलाला नाक सांगते : थोडे तेल तळहातावर चोळा आणि हुंगा. तळणीचे वापरलेले तेल मांस टिकवण्याच्या खाद्यात घालू नका, कितीही स्वस्त मिळाले तरी.

सेलेनियम हा दुसरा जोडीदार. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या विकरात तो असतो, हे १९७३ मध्ये स्पष्ट झाले. हे विकर तयार झालेली पेरॉक्साइड निकामी करते. जीवनसत्त्व ई साखळी तोडते आणि हे विकर मागचा कचरा उचलते. एक वाढवून दुसऱ्याची कमतरता पूर्ण भरून निघत नाही. पण सेलेनियम विषारी होण्याची मर्यादा जवळ आहे. अमेरिकेत खाद्यात किलोमागे ०.३ मि.ग्रॅ. पर्यंतच घालता येते, युरोपीय संघात एकूण ०.५ मि.ग्रॅ. ही मर्यादा आहे. प्रीमिक्समध्ये तो बहुधा असतोच. पाण्यातून वरचेवर ई-सेलेनियम देण्याआधी लेबल वाचा.

जीवनसत्त्व अ अवाच्या सवा वाढवले तर ई चे शोषण घटते. दोन्ही स्निग्धांशात विरघळणारी, वाट एकच. उलट ई फार वाढले तर के जीवनसत्त्वाला आणि कातडीच्या पिवळ्या रंगद्रव्यांना फटका बसतो. २०० आययूला ही भीती नाही. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लांत पित्त आणि विकरे कमी असल्यामुळे ॲसिटेटचे शोषण कमीच होते, हे धरून चाला.

वनस्पतींचे अर्क, द्राक्षबियांची पूड, हळद यांचा जीवनसत्त्व ई ला पर्याय म्हणून प्रचार होतो. त्यांतल्या बऱ्याच घटकांचे शोषण कमी होते आणि पेशीपटलात ते टोकोफेरॉलसारखे साठत नाहीत. सोबत देऊन पाहायला हरकत नाही; ई काढून त्याच्या जागी देऊ नका.

सातवी पायरी : कत्तलीनंतर

इथे थोडक्यात. पक्षी पकडताना आणि वाहतुकीत उष्णतेचा ताण जितका कमी, तितका मांसात पोचलेला साठा जास्त शिल्लक. थंड करणे लगेच व्हावे. खिमा करायचा तर मीठ जमेल तितके उशिरा घाला. गोठवायचे मांस हवा काढून बंद करा; सैल पिशवीतली हवा महिनोन्‌महिने मांसाला लागून राहते. प्रकाश टाळा. वितळवून पुन्हा गोठवू नका.

आठवी पायरी : खात्री करून घ्या

प्रयोगशाळेत दोन गोष्टी तपासता येतात. मांसातले अल्फा-टोकोफेरॉल एचपीएलसी या यंत्रावर मोजले की खाद्यातले जीवनसत्त्व स्नायूत पोचले का ते कळते. टीबीए चाचणीत किलोमागे मॅलॉनडायअल्डिहाइड किती ते कळते, म्हणजे खवटपणा किती पुढे गेला. नमुना मांडीचाच द्या. ताज्या मांसावर टीबीए करून उपयोग नाही. तेव्हा दोन्ही गटांचे आकडे जवळजवळ सारखेच येतात. शिजवून चार दिवस थंड ठेवल्यावर किंवा दोन-तीन महिने गोठवल्यावर तपासा, फरक तिथे उघडा पडतो.

प्रयोगशाळा जवळ नसेल तरी अडत नाही. एकाच शेडमध्ये जाळी लावून दोन भाग करा. पिल्ले त्याच लॉटची, तेल तेच, खाद्य तेच. एका भागाच्या खाद्यात फक्त जादा जीवनसत्त्व ई. पोत्यांना वेगळ्या रंगाची दोरी बांधा. कत्तलीनंतर प्रत्येक भागातल्या दहा पक्ष्यांच्या मांड्या घ्या, कातडी काढा, दोन्ही गटांचा वेगवेगळा खिमा करा. मीठ-मसाला काहीच न घालता सारख्या वजनाच्या टिकिया करून सारख्याच शिजवा. निवल्या की झाकून फ्रिजमध्ये ठेवा.

तिसऱ्या दिवशी बारा माणसे बोलवा. प्रत्येकापुढे तीन लहान झाकलेल्या वाट्या ठेवा : दोन एका गटाच्या, एक दुसऱ्याची, क्रम प्रत्येकाला वेगळा. कोणत्या वाटीत काय आहे ते वाटणाऱ्यालाही माहीत नसावे. वाट्यांच्या तळाला आकडे लिहून यादी दुसऱ्याकडे ठेवा. टिकिया किंचित गरम केलेल्या असू द्या, थंड मांसाचा वास दबतो. झाकण काढून हुंगायचे आणि वेगळी वाटी कोणती ते सांगायचे, एवढेच विचारा. कोणती चांगली, हा प्रश्न पहिल्या फेरीत विचारू नका.

नुसत्या अंदाजाने सांगितले तरी बारापैकी सरासरी चार जणांचे उत्तर बरोबर येईल. आठ किंवा जास्त जणांनी वेगळी वाटी ओळखली तर फरक खरा आहे असे धरायला हरकत नाही. मगच खवट कोणती ते विचारा. आकडा सात किंवा त्याहून कमी आला तर लगेच मात्रा वाढवू नका. आधी पोत्यांची अदलाबदल झाली का ते पाहा, मिक्सरची मिठाची चाचणी करा, तेल हुंगा, शेवटच्या आठवड्यात कोणी प्रीमिक्स कमी केले का ते विचारा. हे सगळे ठीक असूनही फरक लागला नाही, तर त्याच टिकिया पाचव्या दिवशी पुन्हा हुंगायला द्या. तुमचा माल पाच दिवसांच्या आतच खपत असेल, तर ही टिकियांची परीक्षा सांगते ते मान्य करा आणि ती ३०० ग्रॅम पावडर खाद्यातून कमी करून टाका.